गेम कंट्रोलर आणि पेटंटची भांडणं: या लाईनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मी पुण्यात पेटंट सर्चचं काम करते (जुनी पेटंट आणि वस्तू शोधून समोरच्या पेटंटशी ताडून बघायचं), शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं, आणि गेली बरीच वर्षं माझ्या टेबलावर जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त इनपुट डिव्हाइसचं असतं, म्हणजे माऊस, रिमोट, व्हीआरसाठी हातात धरायचे ते दांडके आणि मुख्य म्हणजे गेम कंट्रोलर. नातेवाईकांना अजूनही वाटतं की मला गेम खेळायचा पगार मिळतो. कॉलेजची पोरं-पोरी अधूनमधून विचारतात की यात कसं यायचं, कोर्स कुठला करायचा, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. गेम भारी खेळता येणं इथे फारसं कामाला येत नाही हे आधीच सांगते, स्क्रूड्रायव्हर चालवता येणं आणि तेच ते वाक्य न कंटाळता पुन्हा पुन्हा वाचता येणं, हे येतं.

सुरुवात डी-पॅडपासून करा, म्हणजे डाव्या अंगठ्याखालचं ते प्लसच्या आकाराचं बटण. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी ते १९८२ च्या डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या हातात धरायच्या गेममध्ये आणलं, अमेरिकेत त्याचा अर्ज १९८५ ला गेला आणि १९८७ ला पेटंट मिळालं, नंबर ४६८७२००, गूगल पेटंट्सवर फुकट वाचायला मिळतं. वाचलंत की लक्षात येईल की तिथे सगळी चर्चा वरच्या प्लसपेक्षा खालच्या रचनेची आहे, बटण मधल्या टेकूवर कसं डुलतं, खालचं रबर कसं दबतं, कॉन्टॅक्ट कसा जुळतो. आता प्लेस्टेशनचा कंट्रोलर घ्या, त्यावर चार सुटी बटणं दिसतात, सेगाने गोल चकती केली, पहिल्या एक्सबॉक्सवरही चकतीच होती, आणि हे सगळं त्या पेटंटला वळसा घालायला केलं असं आमच्या लाईनमध्ये सर्रास सांगितलं जातं. पण सांगण्यावर जाऊ नका, प्लेस्टेशनचा जुना कंट्रोलर उघडा, वर सुटी दिसणारी ती चारही बटणं आत एकाच प्लास्टिकच्या तुकड्याची निघतात! बाहेरून काय दिसतं आणि आत काय आहे यातला फरक बघायची सवय इथूनच लावून घ्या. ते पेटंट २००५ ला संपलं, कारण त्या काळच्या अमेरिकन पेटंटना मंजुरीपासून १७ वर्षं किंवा अर्जापासून २० वर्षं यातलं जे जास्त ते मिळतं. आता कुणीही साधा प्लस बनवू शकतो.

आता क्लेम. पेटंटमध्ये चित्रं असतात, लांबलचक वर्णन असतं आणि शेवटी क्लेम असतात, आणि नवीन माणूस पहिलं चित्र बघून 'अरे हे तर सेम टू सेम आहे' म्हणून मोकळा होतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला ओढा, तशी क्लेम म्हणजे हद्द, वर्णनात मालकाने शेताचं कितीही कौतुक केलेलं असो, हक्क हद्दीपुरताच. क्लेममधला एकेक घटक समोरच्या वस्तूत सापडायला हवा, सात असतील तर सातही, सहा सापडून भागत नाही. (मग वकील लोक 'तोच नाही पण तसाच आहे' म्हणून भांडतात तो भाग वेगळा, ते आपलं काम नाही.) नुसत्या बाह्य आकाराचं डिझाईन रजिस्ट्रेशन हा वेगळा प्रकार, तिथे मात्र चित्रच सगळं काही, आपल्याकडे ते डिझाईन्स अ‍ॅक्ट २००० खाली होतं, १० वर्षं आणि वर ५ वाढवून मिळतात.

केसेसमध्ये सगळ्यात आधी इमर्शनची वाचा, ही हाताला जाणवणाऱ्या फीडबॅकचं तंत्र बनवणारी कंपनी. फेब्रुवारी २००२ मध्ये इमर्शनने सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांवर कॅलिफोर्नियात केस टाकली, विषय कंट्रोलरची थरथर, म्हणजे मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन लावतात आणि ते फिरलं की हातात धडधड जाणवते ते. गंमत म्हणजे ती पेटंट मुळात गेमिंगवाल्यांची नव्हतीच, व्हीआरचे हातमोजे बनवणारी एक कंपनी इमर्शनने २००० मध्ये विकत घेतली, तिच्यासोबत आली. म्हणजे तुम्ही फक्त 'गेम कंट्रोलर' टाकून सर्च केला असतात तर हाती काही लागलं नसतं, म्हणून शब्दांपेक्षा क्लासिफिकेशनने, म्हणजे प्रत्येक पेटंटला विषयानुसार दिलेल्या कोडने, शोधायला शिका, ए६३एफ १३/२४ मध्ये कंट्रोलरची रचना येते, १३/२८५ मध्ये हाताला जाणवणारा फीडबॅक, जी०६एफ ३/०१६ मध्ये तोच फीडबॅक पण गेमशिवायचा, आणि जी०५जी ९/०४७ मध्ये जॉयस्टिक. हे चार पाठच करा, पहिल्या महिन्यात सिनियर लोक चकित होतील.

तर मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर देऊन विषय मिटवला, त्यातल्या काही पैशात इमर्शनचे शेअर्सही घेतले. सोनी लढत राहिली, २००४ मध्ये ज्युरीने ८ कोटी २० लाख डॉलरचा दणका दिला, २००५ मध्ये कोर्टाचा निकाल ९ कोटी ७ लाखांपर्यंत गेला, विक्रीवर बंदीचा आदेशही आला पण अपील होईपर्यंत तो थांबवला गेला. २००६ ला प्लेस्टेशन ३ बरोबर सिक्सअ‍ॅक्सिस कंट्रोलर आला आणि त्यात व्हायब्रेशनच नाही! सोनीचं म्हणणं की मोशन सेन्सरला त्याचा अडथळा होतो. मार्च २००७ मध्ये सोनीने अपील मागे घेऊन समझोता केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये ड्युअलशॉक ३ आला, त्यात मोशन सेन्सरही आणि व्हायब्रेशनही, आता अडथळ्याचं काय झालं ते तुम्हीच ठरवा. पुढे आणखी एक वळण आहे, २००३ च्या करारात अशी अट होती की इमर्शनने सोनीशी समझोता केला तर त्यातला वाटा मायक्रोसॉफ्टला द्यायचा, त्यावरून त्या दोघांचं पुन्हा वाजलं आणि २००८ मध्ये इमर्शनने २ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर परत दिले. निन्टेंडोला मात्र या केसमध्ये ओढलंच नाही, आणि थरथरणारा रंबल पॅक तर त्यांनी १९९७ मध्येच काढला होता. का ओढलं नसेल ते मी सांगणार नाही, ६२७५२१३ आणि ६४२४३३३ ही दोन पेटंट उघडा, क्लेममध्ये मोटरबद्दल काय काय मागितलंय ते घटक-घटक करून वाचा आणि स्वतःचं मत कागदावर मांडा, याच्याइतका चांगला पहिला सराव मला तरी माहीत नाही.

माझी सगळ्यात आवडती केस मात्र अ‍ॅनास्केप विरुद्ध निन्टेंडो, कारण ती पूर्ण तारखेवर फिरते आणि आमचं निम्मं आयुष्य तारखा तपासण्यातच जातं. वादी कंपनीकडे कंट्रोलरचं पेटंट होतं, टेक्सासमध्ये मे २००८ ला ज्युरीने निन्टेंडोला २ कोटी १० लाख डॉलर भरायला सांगितले, गेमक्यूब या कन्सोलचा कंट्रोलर, त्याचाच बिनवायरचा वेव्हबर्ड आणि वी या कन्सोलचा क्लासिक कंट्रोलर यांच्यासाठी, वी रिमोट त्यातून सुटला. अ‍ॅनास्केपचा अर्ज नोव्हेंबर २००० चा, पण त्यांचा दावा होता की हा आमच्याच जुलै १९९६ च्या अर्जाचा पुढचा भाग आहे तेव्हा तारीख १९९६ ची धरा. ती तारीख का हवी होती? कारण मधल्या काळात, १९९७ च्या शेवटी, सोनीचा ड्युअलशॉक बाजारात आला होता, दोन स्टिक आणि व्हायब्रेशनवाला. २००० ची तारीख धरली तर ड्युअलशॉक हाच प्रायर आर्ट, म्हणजे अर्जाआधीच जगासमोर असलेली गोष्ट, पेटंट गेलं. एप्रिल २०१० मध्ये फेडरल सर्किट अपील कोर्टाने दोन्ही अर्ज शेजारी ठेवून बघितले, १९९६ च्या अर्जात एकच हँडल सहा अक्षांमध्ये हलतं एवढंच सांगितलेलं, आणि २००० च्या क्लेममध्ये अनेक वेगवेगळ्या स्टिक आणि बटणांची हद्द आखलेली, म्हणजे जुन्या कागदात जे नव्हतंच त्यासाठी जुनी तारीख मागितली होती. कोर्टाने तारीख नाकारली, पेटंट अवैध, २ कोटी १० लाख रद्द. निन्टेंडोला कुणी वाचवलं तर सोनीच्या कंट्रोलरने. ज्या ड्युअलशॉकपायी सोनीने एवढे पैसे मोजले तोच इथे प्रतिस्पर्ध्याच्या कामी आला, मला तर हे वाचताना दर वेळी हसू येतं.

म्हणून पेटंट हातात आलं की आधी पहिल्या पानावरच्या तारखा बघा, प्रायॉरिटी, म्हणजे कुठल्या जुन्या अर्जाची तारीख मागितलीय, ते बघा, आणि 'कंटिन्युएशन इन पार्ट' (जुन्या अर्जात नवा मजकूर घालून केलेला अर्ज) असं दिसलं तर कान टवकारा, आईबाप अर्ज डाउनलोड करून क्लेमचा प्रत्येक घटक त्यात खरंच आहे का ते तपासा. कंटाळवाणं आहे, पण पैसे याचेच मिळतात.

आयर्नबर्ग विरुद्ध व्हॉल्व्ह ही अलीकडची. आयर्नबर्ग म्हणजे स्कफ या कंट्रोलर बनवणाऱ्यांची पेटंट सांभाळणारी कंपनी, कंट्रोलरच्या मागच्या बाजूला मधल्या बोटांनी दाबायची पॅडल्स हा त्यांचा विषय. क्लेममध्ये लिहिलंय की मागची बटणं लांबट पट्ट्या असतील आणि त्या मुळातच लवचिक असतील. व्हॉल्व्हच्या २०१५ च्या स्टीम कंट्रोलरमध्ये मागचं बॅटरीचं झाकणच दोन्ही कडांना वाकून बटणं दाबतं, मग झाकण म्हणजे पट्टी का, लवचिक म्हणजे किती लवचिक, यावर वर्षानुवर्षं वाद. फेब्रुवारी २०२१ मध्ये ज्युरीने व्हॉल्व्हला ४० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली आणि उल्लंघन जाणूनबुजून केलं असंही म्हटलं, कारण कंट्रोलर विक्रीला यायच्या आधीच, २०१४ मध्ये, त्यांना या पेटंटबद्दल कळवलं गेलं होतं. सुनावणी करोनामुळे व्हिडिओ कॉलवर झाली.

यातून ऑफिसात पाळायची एक गोष्ट. मेलमध्ये, चॅटवर, कुठेही 'हे इन्फ्रिंज होतंय' (म्हणजे पेटंटचं उल्लंघन) असं लिहायचं नाही. 'हा घटक सापडला, हा सापडला नाही, पुरावा अमुक पानावर' एवढंच. निष्कर्ष वकिलाचा. तुम्ही सहज टाईप केलेलं वाक्य उद्या कोर्टात वाचून दाखवतात आणि फ्रेशर लोकांना हे कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही.

आयलाईफची केस वरवर वाचली तरी चालेल, म्हातारी माणसं पडली तर ओळखणाऱ्या सेन्सरचं पेटंट घेऊन ते वी रिमोटवर धावून गेले, २०१७ मध्ये १ कोटी १ लाख डॉलर जिंकले, २०२० मध्ये जजने पेटंटच अमूर्त कल्पना ठरवून उडवलं. इथेही क्लास गेमिंगचा नव्हता हे लक्षात घ्या.

सध्या मागणी असलेला विषय म्हणजे स्टिक ड्रिफ्ट. बहुतेक स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, कार्बनच्या पट्टीवर धातूची पट्टी घासत राहते, झिजते, आणि मग हात न लावता पात्र आपोआप चालायला लागतं. उपाय म्हणून हॉल इफेक्टच्या स्टिक आल्यात, चुंबक आणि सेन्सर, घासाघीसच नाही. लोकांना हे नवीन वाटतं, पण सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हॉल सेन्सरच होते आणि तो इफेक्ट तर १८७९ चा शोध. त्यामुळे नुसतं 'कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर' यावर आज कुणाला पेटंट मिळणं अवघडच, जे काही मिळतं ते चुंबक कसा बसवला, कॅलिब्रेशन कसं केलं असल्या बारक्याशा गोष्टींवर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना इथे फार वाव आहे कारण क्लेम अरुंद असले की वाचणाऱ्याला सर्किट कळावंच लागतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास बंद पडलेले कंट्रोलर स्वस्तात मिळतात, तीन-चार कंपन्यांचे घ्या. निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, एक्सबॉक्सला मधोमध खुंटी असलेले सहा टोकांचे, तेव्हा बिट्सचा सेट आधी घ्या, नाहीतर चाकूने उघडायला जाल आणि पट्टी केबल तोडून बसाल.

कोर्सबद्दल माझं मत जरा कडू आहे, महागडे ऑनलाईन डिप्लोमे करू नका. नागपूरला बौद्धिक संपदेचं राष्ट्रीय संस्थान आहे, सरकारी, त्यांची ट्रेनिंग होतात ती बघा. पेटंट ऑफिसचं जर्नल दर शुक्रवारी फुकट येतं, आपलं मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला, महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज तिथे जातात. पेटंट एजंटची परीक्षा जरूर द्या, सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री, भारतीय नागरिकत्व आणि वय २१ पूर्ण पाहिजे, दोन पेपर आणि तोंडी, प्रत्येक पेपरला ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. फक्त ती दर वर्षी होईल या भरवशावर नोकरी सोडून अभ्यासाला बसू नका, २०१८ नंतर ती थेट २०२३ ला झाली. आणि स्वतःचा कंट्रोलर डिझाईन करत असाल तर पेटंट कायद्याचं कलम ३९ वाचा, भारतात राहणाऱ्याने परदेशात आधी अर्ज टाकायचा तर परवानगी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटांच्या फाईलपेक्षा एक क्लेम चार्ट घेऊन जा, डाव्या रकान्यात क्लेमचे घटक, उजवीकडे तुम्ही स्वतः उघडलेल्या कंट्रोलरचे फोटो, बाण काढलेले, आणि जो घटक सापडला नाही तिथे स्पष्ट 'सापडला नाही'. घेणारा माणूस पहिल्यांदा त्या रिकाम्या रकान्याबद्दलच विचारणार, तेव्हा कुठे कुठे शोधलं याचं उत्तर तयार ठेवा.