बेपत्ता विमानाविषयीचे तर्क कसे तपासावेत

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मलेशिया एअरलाइन्सच्या बेपत्ता एमएच ३७० विमानाचा विषय निघाला, तर वादाला तोंड फुटण्यापूर्वी निर्विवाद गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या या बोइंग ७७७ मध्ये २३९ माणसे होती. नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटल्यावरही त्याचे उपग्रहाशी संकेत कित्येक तास जुळत राहिले, आणि जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाच्या किनाऱ्यावर त्याच्या पंखाचा भाग सापडला. विमान कुठेतरी सुखरूप उतरवले, असे म्हणणाऱ्याने आधी या तुकड्याचा उलगडा करावा.

त्या तुकड्यापाशी थोडे थांबावे. पावसाळ्यानंतर आपल्या पुळणीवर लागलेला ओंडका उलटून पाहिला, तर कधी खालच्या बाजूला मऊ देठांवर लटकलेले पांढुरके शिंपले घोसाने दिसतात, आणि लाकूड बराच काळ तरंगत होते हे कळते. पंखाच्या तुकड्यावरही असेच जीव चिकटलेले होते. मात्र एवढ्यावरून विमान नेमके कुठे पडले हे ठरत नाही. वारा आणि प्रवाह यांचा हिशेब दर्यावर्दी माणसालाच विचारावा.

वैमानिकाला दोषी ठरवण्याची घाई मला अन्यायाची वाटते, कारण मलेशियाच्या २०१८ च्या अहवालालाही कारण निश्चित करता आले नाही. समोर बसलेल्यांत ज्याच्या घरची होडी परतलीच नाही असा कोणी असेल, तर आवाज खाली ठेवून बोलावे.