मनालीला बर्फाचा इशारा आलाय? मग या चुका टाळा

पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून हिमालयात पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) येतोय म्हटल्यावर हवामान खातं कुल्लू आणि लाहौल-स्पितीसाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा काढतं, आणि इकडे पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर "चला, बर्फ मिळणार!" सुरू होतं. मिळेलही. पण बहुतेकांची काळजी चुकीच्या दिवसाची असते.

जोराचा बर्फ पडत असताना पोलीस सहसा पुढे सोडतच नाहीत. खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी. लख्ख ऊन पडतं आणि अख्खी मनाली अटल बोगद्याकडे निघते. बोगदा 9.02 किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा, गाडी मस्त पळते. पलीकडे, लाहौलमधल्या सिस्सूच्या बाजूला बाहेर पडलात की चाकाखाली पातळ, पारदर्शक बर्फ. दिवसा वितळलेलं पाणी ऊन उतरताच गोठतं, आणि डांबर नुसतं ओलं असल्यासारखं दिसतं. डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळचं सोलंग ते बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. तेव्हा "अजून एक फोटो" सोडा आणि दुपारी तीनच्या आत परत फिरा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा माज नको. ती चढायला मदत करते, थांबायला नाही. उतारावर ब्रेक करकचून न दाबता पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू उतरा. बर्फात घसरू नये म्हणून चाकांवर चढवायची चेन डिकीत पॅकबंद ठेवून उपयोग नाही. हॉटेलच्या पार्किंगमध्ये एकदा चढवून बघा, नाहीतर अंधारात, सुन्न बोटांनी ते जमायचं नाही.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो गोठून बसू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. सकाळी काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो.

गाडीतच अडकलात तर काचा बंद करून हीटर लावून झोपणं ही सगळ्यात घातक चूक. सायलेन्सर बर्फाखाली गेला की विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये 20 हून अधिक पर्यटक दगावले. सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत राहा, इंजिन थोडा वेळच चालवा, काच बोटभर उघडी ठेवा.

परतीची रेल्वे त्याच रात्री चंदीगडहून? रस्ता जवळपास 300 किलोमीटर आहे, मधे एक दिवस मोकळा ठेवा. ढगाळ हवेत कुल्लूजवळच्या भुंतर विमानतळावरच्या विमानाचाही भरवसा नाही. आणि अडकलो तर जास्तीची रात्र किती दराने, हे हॉटेलवाल्याशी आधीच बोलून घ्या. रस्ता बंद झाल्यावर तो सांगेल तोच दर.