बंदोबस्ताचा टेबलटॉप सराव: वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसाठी तीन तासांचं सत्र

अपर अधीक्षक, उपायुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यांनी नेतृत्वावरची व्याख्यानं पोटभर ऐकलेली असतात. त्यांना रस्त्यावर न उतरवता टेबलाभोवती, घड्याळ लावून, अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायला बसवा.

विषय ओळखीचा घ्या: मध्यम शहरातली विसर्जन मिरवणूक. एका टेबलाला ६ ते ८ जण, भिंतीवर रस्त्यांचा नकाशा आणि मनुष्यबळाचा तक्ता. तक्त्यात मंजूर नव्हे, हजर संख्या लिहा; रजा, आजारी, कोर्ट ड्युटी वजा करून. ब्रीफिंग २० मिनिटं, सराव ९०, उरलेली ७० डीब्रीफिंगला, म्हणजे घेतलेल्या निर्णयांवरच्या चर्चेला. उशीर झाला तर सराव कापा, डीब्रीफिंगला हात लावू नका.

घटनांच्या ८-१० चिठ्ठ्या आधीच तयार ठेवा. भाषा कंट्रोल रूमला येणाऱ्या निरोपाची हवी: '२१.४०. चौकात दोन मंडळं समोरासमोर. दगड पडल्याचा फोन, खात्री नाही.' निदान दोन चिठ्ठ्या निव्वळ अफवा असाव्यात. एक ध्वनिक्षेपकाची हवीच. नियमाने रात्री १० ला बंद, सूट जाहीर असेल तर १२ ला. आणि १२ ला मिरवणूक अर्ध्या वाटेत असते! नियम सगळ्यांना पाठ असतो. स्पीकर बंद केल्यावर पुढची १० मिनिटं रस्त्यावर कोण उभं राहणार, ते विचारा.

सराव हमखास फसतो तो एकाच कारणाने: सर्वांत ज्येष्ठ साहेब बोलले की बाकीचे 'येस सर'. म्हणून प्रत्येक चिठ्ठीनंतर २ मिनिटं कोणी बोलायचं नाही. काय करणार, कोणाला कळवणार, किती वेळ लागेल, हे प्रत्येकाने कागदावर लिहायचं. वाचन सर्वांत कनिष्ठापासून.

'एसआरपीएफची (राज्य राखीव पोलीस दलाची) तुकडी पाठवतो' हे उत्तर तसंच स्वीकारू नका. कुठून, कोणत्या रस्त्याने, गर्दीत गाडी शिरते का, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावा. तीच गोष्ट अधिकारांची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा (जमावबंदीसारखा) आदेश आयुक्तालयात पोलीस आयुक्त काढू शकतात. जिल्ह्यात अधीक्षकांना दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आयुक्तालयातून आलेले अधिकारी इथे बरेचदा अडखळतात, कारण तो फोन करायची त्यांना सवयच नसते.

डीब्रीफिंगमध्ये कागद वेळेनुसार भिंतीवर लावा आणि माहिती कधी मिळाली, निर्णय कधी झाला, यातलं अंतर मोजा. हे कागद गोपनीय अहवालाकडे, म्हणजे अधिकाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाकडे, जाणार नाहीत, हे सुरुवातीलाच सांगा. नाहीतर सगळ्यांच्या कागदावर एकच ओळ येते: 'वरिष्ठांना कळवले.'