ओटीपोट वारंवार दुखत असेल तर काय लिहून ठेवावं, दवाखाना कधी गाठावा

लावणीत दिवसभर वाकून कंबर-ओटीपोट भरून येतं, ते रात्री आडवं झाल्यावर उतरतं. पण जे दर महिन्याला परत येतं, कामावरून घरी बसवतं किंवा सहा महिने कमी-जास्त चालूच राहतं, ते ‘बाईमाणसाला असायचंच’ म्हणत अंगावर काढू नका.

आधी तातडीचं. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोराची कळ, घेरी, खांद्याच्या टोकाशी दुखणं, अंगावरून थोडंसं रक्त जाणं यांतलं काही असेल, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिलेला असू शकतो. नसबंदी झालेल्या बाईलाही हे होऊ शकतं. आशाताईंकडे मिळणाऱ्या निश्चय किटवर लघवी तपासता येते, पण अशी कळ असताना त्यासाठी थांबू नका. अचानक असह्य कळ आणि उलट्या, ओटीपोटात दुखून 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, दोन तास सलग तासाला एक पॅड भिजणं, गरोदरपणात दुखून रक्त जाणं, यांनाही सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. खाडीपलीकडच्या गावात फेरीबोट रात्री बंद होते, म्हणून संध्याकाळी शंका आली तर संध्याकाळीच निघा.

बाकी दुखण्यासाठी दोन महिने नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत चालेल: दुखणं शून्य ते दहापैकी किती, कुठे, पाळीचा कितवा दिवस, किती पॅड, लघवीला, शौचाला, संबंधांच्या वेळी दुखलं का, गोळी कोणती, किती वाजता, उतार पडला का. ‘अधूनमधून दुखतं’ एवढं सांगितलं की डॉक्टरही अंदाजानेच गोळी देतात. ही चौकट त्यांना बरंच सांगते. पाळीच्या आधीच सुरू होणारं, शौचाला आणि संबंधांत दुखणारं असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो, त्या आजाराची) शंका येते, आणि सोनोग्राफी साफ आली म्हणून ती मिटत नाही. लघवीला जळजळ आणि घाई असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. बाजारात मासे विकायला बसणाऱ्या बाया शौचालय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यानेही लघवीचा संसर्ग बळावतो.

वास येणारं पांढरं पाणी आणि ओटीपोटात दुखणं हे गर्भपिशवी-नळ्यांच्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. औषध साधारण 14 दिवसांचं असतं. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलं तर नळ्या चिकटतात, पुढे मूल राहायला त्रास होतो. नवऱ्यालाही औषध लागतं. तो मुंबईला असेल तर त्याने तिथे घ्यावं, नाहीतर गणपतीला तो आला की संसर्ग परत येतो.

पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. चार-पाच ग्लास पाणी एसटीत बसण्याआधी नको, दवाखान्यात पोचल्यावर प्या आणि तासभर थांबा.

पाळीच्या दुखण्याची गोळी कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्या. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर विचारल्याशिवाय नको.

आणि नुसत्या दुखण्यासाठी किंवा पांढरं जातं म्हणून कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं, तर तुमची नोंद आणि रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी दुसरे इलाज सांगितल्याशिवाय होकार देऊ नका.