गळलेलं टिंब कसं पकडावं

पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला देण्याआधी आम्ही पाच जणांनी वाचली. पाचवी मी, पुण्यात बावीस वर्षं प्रूफं वाचणारी. छापून आली तेव्हा माझ्या वडिलांच्या नावापुढे 'यांची नात' नव्हतं, 'याची नात' होतं. त्या रात्री साडेतीनशे पत्रिकांवर आम्ही काळ्या पेनाने टिंबं दिली. वडील हयात नव्हते. त्यांचा एकेरी उल्लेख माझ्या नजरेखालून गेला, हे मला अजून लागतं.

आधी हे वाक्य नेहमीच्या वेगाने वाचा आणि टिंबं मोजा: मामांनी पंढरपूरहून येताना आंबे आणले, ते त्यांनी मुलांना वाटले आणि संध्याकाळी सगळ्यांसोबत मंदिरात गेले.

आठ आहेत. कमी भरली असतील, तर 'त्यांनी', 'मुलांना' या शब्दांकडे परत जा. डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतात आणि छोट्या, सवयीच्या शब्दांवर बरेचदा टेकतच नाहीत. मधलं मेंदू अंदाजाने भरतो. अ‍ॅलिस हीली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली वाचकांना इंग्रजी उताऱ्यातले 'टी' शोधायला लावले. सर्वांत जास्त निसटले ते 'द' (the) या शब्दातले, म्हणजे पानोपानी भेटणाऱ्या शब्दातले. आपल्याकडे तीच गत टिंबांची, 'न'ची आणि 'च'ची.

म्हणून एका फेरीत एकच गोष्ट शोधा. पहिल्या फेरीत फक्त टिंबं: त्याने-त्यांनी, मुलाला-मुलांना, याचे-यांचे. अर्थाकडे लक्षच द्यायचं नाही. पेन्सिलीचं टोक प्रत्येक शब्दाखाली टेकवत जा आणि खालच्या ओळी कोऱ्या पुठ्ठ्याने झाका. ही फेरी शेवटच्या ओळीपासून वर केली तर आणखी बरं, कारण अर्थाची साखळी तुटते आणि अक्षरं दिसायला लागतात.

दुसरी फेरी छोट्या शब्दांची. 'पावती न दाखवल्यास पैसे परत मिळणार नाहीत' यातला 'न' पडला, तर दुकानदाराने उलटंच लिहून दिल्यासारखं होतं. तरी वाचणारा मनातल्या मनात 'न' घालून पुढे जातो. ओळीच्या शेवटी 'की' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा 'की', हेही असंच निसटतं. त्यावर माझा उपाय म्हणजे पानाचा समास बदलून दुसरी प्रत काढणं. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि जोडीने आलेले शब्द शेजारी शेजारी दिसतात.

मोठ्याने वाचा असं सगळे सांगतात, पण स्वतःचंच लिखाण वाचताना तोंडून बरोबर तेच येतं, कागदावर काहीही असो. फोनला वाचायला लावा, नाहीतर एकाने मूळ प्रत वाचावी आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवावं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' ऐकायला सारखेच, तिथे डोळेच हवेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर रफारांसाठी वेगळी फेरी घ्याच, कारण या बदलात ते जागा सोडतात.

नावं, आकडे आणि मथळा सगळ्यांत शेवटी, ताज्या डोळ्यांनी, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी. मथळा मोठा असतो म्हणून तो कुणी तपासत नाही. तारीख आणि वार जुळतात का, हे कॅलेंडर उघडून बघा.

दुरुस्ती होऊन आली की नुसता तो शब्द पाहू नका. त्याच्या वरची आणि खालची ओळही पुन्हा वाचा. एक टिंब घालताना शेजारची वेलांटी उडालेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.