पाऊस नाही, तरी पहाटे गोदामाचा पत्रा ठिबकतो? माझा अनुभव
रत्नागिरीतलं काजूचं गोदाम. पाऊस संपला तरी पहाटे पत्र्याखाली थेंब, पोती ओली. स्क्रूंना सिलिकॉन लावलं, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, फरक शून्य. दोन हंगाम अक्षरशः मेटाकुटीला आलो.

ती गळती नव्हतीच. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचं दव त्याच्या खालच्या बाजूला धरतं. खात्रीसाठी फोमचा हातभर तुकडा आतून चिकटवला. सकाळी तेवढाच भाग कोरडा!

मग दुपारी, पत्रा पूर्ण सुका असताना, आतला गंज तारेच्या ब्रशने काढला. त्यावर झिंक प्रायमर (गंज रोखणारा पहिला रंग). तो वाळल्यावर १० मिमी एक्सएलपीई फोम (पाणी न शोषणारा पॉलिथिनचा फोम) पत्र्याला आतून चिकटवला, मध्ये हवा न ठेवता. शेवटी फोमच्या प्रत्येक सांध्यावर ॲल्युमिनियम फॉइल टेप. ती चुकवू नका, दमट हवा तिथूनच शिरते. लोखंडी पर्लिनही (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) फोमने झाकल्या.

आता पोती कोरडी आहेत.