सीआरएम घेतलं, आता ते वापरात कसं आणायचं?

सीआरएम म्हणजे ग्राहकांची आणि विक्रीची नोंद एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. ते आणण्याचा प्रकल्प फसला की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. खरं दुखणं बहुधा वेगळंच असतं: माहिती भरायची विक्री प्रतिनिधीने आणि तिचा उपयोग फक्त साहेबांच्या रिपोर्टला. नोंद करणाऱ्याचं स्वतःचं काम हलकं झालं नाही, तर तो महिनाअखेरीस आठवेल तसं भरून मोकळा होतो.

म्हणून सुरुवात फॉर्मपासून करा. नव्या लीडसाठी, म्हणजे संभाव्य ग्राहकासाठी, सक्तीच्या फील्ड (भरायच्या जागा) सहाच ठेवा: नाव, कंपनी, फोन, लीड कुठून आली, पुढचं काम आणि त्याची तारीख. सातवी मागणाऱ्याला विचारा, ही माहिती पाहून कोण कोणता निर्णय घेणार? उत्तर नसेल तर ती नको. सक्ती वाढली की लोक टिंब टाकून पुढे जातात, आणि असा कचरा रिकाम्या जागेपेक्षा घातक, कारण रिपोर्टमध्ये तो भरलेला दिसतो.

डीलचे, म्हणजे चालू असलेल्या विक्री व्यवहाराचे, टप्पे ग्राहकाच्या कृतीवरून ठरवा. ‘ग्राहकाला रस आहे’ हा टप्पा नव्हे, तो अंदाज झाला. ‘ग्राहकाने लेखी कोटेशन मागितलं’ हा टप्पा. नाहीतर तीच परिस्थिती दोघं वेगवेगळ्या टप्प्यांत टाकतात आणि विक्रीच्या अंदाजाला अर्थ उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जुना डेटा सीआरएममध्ये आणण्यासाठी राखून ठेवा. घाई इथेच महागात पडते. सगळं उचलून आणू नका. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी व्यवहार किंवा बोलणं झालं तेवढेच ग्राहक घ्या, बाकीची फाईल जपून ठेवा. एक्सेलमध्ये फोनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मगच नंबर आणा. नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं, लांब नंबर १.२३ई+११ असा दिसू लागतो आणि सीएसव्ही (डेटा चढवायची साधी मजकूर फाईल) करताना तसाच सेव्ह होतो. मग मूळ आकडे त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. तारखांमध्ये दिवस आधी की महिना, हेही एकसारखं करा. डुप्लिकेट शोधताना कंपनीच्या नावावर विसंबू नका, ‘लिमिटेड’ आणि ‘लि.’ वेगळे ठरतात. फोन आणि ईमेल जुळवा. आधी कंपन्या, मग व्यक्ती, शेवटी डील असा क्रम ठेवा, म्हणजे जोडण्या तुटत नाहीत. प्रत्येक ओळीत त्या नोंदीचा जुन्या यादीतला क्रमांक राहू द्या. पहिल्यांदा शंभरच नोंदी चढवा आणि त्या ग्राहकांना ओळखणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

मग एकाच टीमला चार आठवडे वापरू द्या. त्यात एकतरी कुरकुर करणारा अनुभवी प्रतिनिधी हवाच; अडचणी तोच नेमक्या दाखवतो. ईमेल आणि कॅलेंडर पहिल्या दिवसापासून जोडलेलं असू द्या, म्हणजे तेच दोनदा लिहावं लागत नाही. आपले ग्राहक दुसऱ्याला दिले जातील ही भीतीही खरी असते. मालकी कोणाची, ती कधी बदलते, हे लेखी द्या.

यानंतरची मदार मॅनेजरवर. साप्ताहिक बैठक सीआरएमच्या स्क्रीनवरच घ्या; तिथे नसलेल्या डीलवर चर्चा नाही. मॅनेजरने एकदा जरी ‘एक्सेल पाठव’ म्हटलं, की दुसऱ्या आठवड्यापासून सगळे एक्सेलवर परततात. जुनी शीट ठरलेल्या तारखेला फक्त वाचण्यापुरती ठेवा.

किती जणांनी लॉगिन केलं हे मोजून काही कळत नाही. पुढच्या कामाची तारीख नसलेल्या आणि चौदा दिवस हालचाल नसलेल्या डील दर सोमवारी मोजा. आकडा वाढला तर आधी फॉर्म तपासा, मग माणसांशी बोला.